सेल्लियम्मनसाठी दगड

पल्लावरम, आवणी महिना, पहिला शुक्रवार

अप्पा,

लांबूनच पाया पडतो. अक्षराला नावं ठेवण्याआधी ऐका, इथे टेबल नाही. मांडीवर घमेलं उपडं घालून लिहितोय, आणि वरून दर थोड्या वेळाने विमान जातं. इतकं खालून, की चाकं दिसतात. विमान गेलं की घमेलं थरथरतं आणि ओळ वाकडी होते. म्हणजे चूक माझी नाही, विमानाची आहे.

फोन का करत नाही म्हणाल, तर केला होता. तीनदा. कोपऱ्यावरचा दुकानदार तिन्ही वेळा घरी जाऊन आला आणि म्हणाला, "तुझे अप्पा येत नाहीत. मी सांगितलं तर नुसती मान हलवतात." म्हणून पत्र. आता याच्यापुढे मान हलवा.

मी इथल्या खाणीत कामाला आहे. म्हणजे होतो. भोकं पाडायच्या मशीनवर पाणी ओतायचं काम होतं. सोपं होतं, पण एका दुपारी खाणीच्या कडेला सिनेमाचं शूटिंग आलं. नायिका दगडावरून घसरत होती आणि पुन्हा पुन्हा तेच करत होती, आणि मी बघत राहिलो, आणि मशीन कोरडंच चाललं. मुकादम म्हणाला, "पुगळेंदी, तू सिनेमातच जा." तर आता मी मोकळा आहे. जेवण चाललंय. काळजी नको.

दगड आपलाच आहे अप्पा. तोच तेल चोळल्यासारखा काळसर निळा, ओला केला की म्हशीच्या पाठीसारखा. परवा कॉलेजची पोरं हातोड्या घेऊन आली होती. त्यांतली एक मुलगी म्हणाली, याला सगळे ग्रॅनाइट म्हणतात पण हा ग्रॅनाइट नाही, ग्रॅनाइटचा चुलतभाऊ आहे, चार्नोकाइट. कलकत्त्याच्या कुठल्याशा साहेबाच्या थडग्यावर इथला दगड लावला होता, त्या साहेबाचं नाव पडलं. मी म्हटलं, बाई, आमच्या सात पिढ्या हा दगड फोडतात, त्यांच्यापैकी कुणाचं नाही पडलं, आणि जो नुसता त्याच्याखाली झोपला त्याचं पडलं? ती हसली. मग म्हणाली, हा दगड जमिनीच्या पोटात तापून वर निघाला, पण वर पोचलाच नाही. आतल्या आत हळूहळू निवत गेला, म्हणून एवढा कठीण. मला एकदम तुम्ही आठवलात. रागावू नका.

खरं तर लिहायचं होतं ते वेगळंच. काल चहाच्या टपरीवर आरोक्यम अण्णा भेटला. तोच, लॉरीवाला, आपल्याकडे दगड आणून टाकणारा. त्याने सांगितलं. वेप्पंचेरीच्या ग्रामदेवीची, सेल्लियम्मनची मूर्ती तुम्ही पुरी केलीत, फक्त डोळे उघडायचे राहिले होते, आणि देवळाचं काम बघणाऱ्या थोरल्या स्थपतींनी येऊन डोक्यापासून पायापर्यंत ठोकून पाहिली आणि म्हणाले, हा मुका दगड आहे, नाद लांबत नाही. देवाला लागतो तो बाप्या नाही, देवीला लागते ती बाई नाही. याचा चौथरा करा, देवी नको. म्हणाला, सगळा गाव उभा होता. म्हणाला, तुम्ही आत गेलात आणि हत्यारं पुसायला बसलात.

अप्पा, तुमच्या हातून? तुम्ही तर मला टोपलीतल्या फणसावर टिचकी मारून सांगायचात, हा पिकलाय, हा उद्या, हा तुझ्यासारखा, कधीच नाही.

गावकऱ्यांनी कार्त्तिकैच्या दिव्यांपर्यंत, म्हणजे अजून तीनेक महिने, वाट बघायचं कबूल केलंय, एवढंही तो म्हणाला. तोवर खरा बाई दगड आला तर मूर्ती तुमची. नाही तर काम दुसऱ्याच्या अंगणात जाणार, आणि तुमच्याकडे पुन्हा कुणी देव मागायला येणार नाही.

दगड मी शोधतो. विचारत नाही, सांगतोय. इथे विमानं जायच्या मधल्या वेळात ठोकून बघतो.

तुमचा
पुगळ


पल्लावरम, आवणी संपत आला

अप्पा,

काल बूथवरून अंजलै अक्काशी बोललो. ती म्हणाली, पत्र तुम्ही वाचलंत, दोनदा, आणि चटईखाली ठेवलंत. उत्तर द्या म्हटलं तर म्हणालात, "त्याला उत्तर कशाला? 'येतो' न म्हणता घर सोडणाऱ्याला पत्ता तरी असतो का?"

मी तिला म्हटलं, "मी म्हणालो होतो."

"खोटं बोलू नकोस. वर्षभर ते हेच धरून बसलेत."

"अक्के, आईशप्पथ. दोनदा म्हणालो."

आठवा अप्पा. तुम्ही नंदीच्या गळ्यातल्या घंटा कोरत होतात, दाराकडे पाठ करून. छिन्नी थांबलेली होती, तुम्ही भुकटी फुंकत होतात. मी उंबऱ्यात उभा राहून म्हणालो, "अप्पा, येतो." तुम्ही वळला नाहीत. पुन्हा म्हणालो. तुम्ही घंटेवर बोट फिरवलंत आणि पुन्हा छिन्नी उचललीत. मला वाटलं, हे उत्तर झालं. बसस्टँडपर्यंत मी मागे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर रडलो असतो आणि बसमध्ये सगळे वेप्पंचेरीचे.

वर्षभर मीही तेच धरून बसलो होतो. तुम्ही माझ्यावर रागावलेले, मी तुमच्यावर. मधे एक वाक्य, मी बोललेलं आणि तुमच्यापर्यंत न आलेलं.

फोन ठेवून मी बराच वेळ बूथबाहेर बसलो. तिथे एक कुत्रं होतं, एका कानाचं, त्याचं काय झालं ते बूथवाला सांगत होता, मोठी गोष्ट आहे, नंतर सांगेन. पण माझं लक्ष नव्हतं. मला एकेक आठवायला लागलं. दूधवाला घंटा वाजवून वाजवून निघून जायचा आणि तुम्ही अक्कावर ओरडायचात, आज दूध का नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम तुम्ही एकदम सोडून दिलंत. रेडिओला कान लावून बसायचात आणि सेल संपलेले असायचे. आणि तुमचा आवाज. अप्पा, तुम्ही इतकं मोठ्याने कधी बोलत नव्हतात.

आजच्यापुरतं एवढंच. पल्लावरममध्ये चांगला दगड उरलेला नाही, खड्ड्यांत पाणी साचलंय. उद्या आरोक्यम अण्णाबरोबर सेलमकडे जातो. तिकडच्या शेर्वरायन डोंगरात हाच दगड आहे म्हणतात.

पुगळ


लॉरीत, सेलमच्या अलीकडे कुठेतरी, पुरट्टासी महिना

अप्पा,

हे पत्र अक्काला वाचायला देऊ नका. तुम्हीच वाचा.

आज दुपारी रस्त्याकडेला सुंठेची कॉफी प्यायला थांबलो. आरोक्यम अण्णाने ग्लास माझ्या शेजारी सीटवर ठेवला, आणि कॉफीवर बारीक बारीक गोल उठत राहिले. मी म्हटलं, "अण्णा, इंजिन तरी बंद कर. डिझेल काय सासऱ्याचं आहे?"

"बंद केलं तर ढकलायला तू येणार का? स्टार्टर पंगुनी महिन्यापासून मेलाय. सकाळी उतारावर चालू करतो, रात्री उतारावर बंद करतो. मधे ती अशीच गुरगुरते. माझी बायकोही अशीच आहे, पण तिला निदान झोप तरी लागते."

मी हसलो आणि हसता हसता थांबलो.

"अण्णा, तो वेप्पंचेरीचा दगड आमच्याकडे कधी आणलास?"

"चित्तिरैत, पंगुनीच्या पुढच्याच महिन्यात. का?"

"अप्पांनी तो कुठे पारखला? खाली उतरवून?"

"नाही रे. वरच, लॉरीत. म्हणाले, आधी बघतो, मग उतरव. फळीवर चढले, हातोडी मारली, आणि हात ठेवून उभे राहिले कितीतरी वेळ. डोळे मिटून. मला वाटलं मंत्र म्हणतायत. मग म्हणाले, बाई आहे, उतरवा."

"आणि इंजिन?"

त्याने ग्लास खाली ठेवला. कॉफीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"माते मरिये," तो म्हणाला.

अप्पा, आता आडवळणाने लिहीत नाही. तुमचे कान गेलेत. तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, आपल्या मूर्तींच्या कारखान्यातल्या पोरांनाही माहीत असणार. तो दगड छिन्नीखाली धप्प वाजतोय हे त्यांनी ऐकलं असणार, पण तुम्हाला, नल्लपेरुमाळ आचारींना, दगड शिकवायला कोण जाणार? सगळे गप्प बसले. मान राखायचा म्हणून गप्प बसले आणि त्यातच तुमचा मान गेला.

पण हात खोटा नव्हता. एवढंच सांगायला हे पत्र. कान गेल्यावर तुम्ही कुणाला न सांगता हाताने ऐकायला शिकलात. आधी मला वाटायचं, वय झालं म्हणून दगडाला टेकून उभे राहतात. टेकत नव्हतात, ऐकत होतात. आणि त्या दिवशी हाताला जे जाणवलं ते खरंच होतं. थरथर होती, लांबत जाणारी, न थांबणारी. फक्त ती दगडाची नव्हती. लॉरीची होती. कान असलेल्या माणसाला लगेच कळलं असतं, इंजिन चालू आहे. तुम्हाला कोण सांगणार?

आरोक्यम अण्णाने कॉफी तशीच ओतून दिली. मघाशी फक्त म्हणाला, "तुझ्या अप्पांना लिही, दगड मिळाला की मी आणीन. आणि लॉरी तासभर आधी बंद करीन. मग ढकलायला अख्खा गाव लागला तरी चालेल."

पुगळ


शेर्वरायनचा पायथा, ऐप्पसी महिना, पाऊस थांबलेला दिवस

अप्पा,

दगड सापडला. सापडला म्हणजे काय झालं ते सांगतो, मग तुम्ही मला फणस म्हणालात तरी चालेल.

इथली खाण लहान आहे. खडी फोडायचं एक मशीन, काही माणसं, आणि कुप्पायी आजी. कुप्पायी आजी पाचर ठोकते, शिव्या देते आणि सगळ्यांची बाजरीची आंबील करते. मी आल्यापासून डोंगरभर ठोकत फिरतोय. एक शिळा म्हणून सोडली नाही. इकडे ठक्, तिकडे धप्प. एक वाजली, पण पोटात चीर. एक वाजली, पण ती जमिनीत रुतलेली होती. तुम्ही सांगायचात, रुतलेला दगड बोलत नाही, त्याला आधी मोकळा करा, मग विचारा. मोकळी केली तर तीही मुकी. मधेच मी एक दिवस मध काढणाऱ्यांबरोबर वर गेलो, त्याचा दगडाशी काही संबंध नाही, पण मध चांगला होता.

तर काल दुपारी मी हताश होऊन वरच्या कडेला बसलो होतो, आणि खालून जेवणाचा टोल पडला. रोज पडतो. टोल पडला की मी धावत जातो आणि वाडगं पुढे करतो. काल धावलो नाही. पाय दुखत होते. म्हणून पहिल्यांदा ऐकला.

टण्ण नाही अप्पा. कांशाचं ताट जमिनीवर पडून फिरत राहावं तसा. बारीक होत होत, पण तुटत नाही.

खाली गेलो. आजी चिंचेखाली उभी. पुढ्यात खांद्याएवढी शिळा, दोन लहान दगडांवर आडवी टेकलेली, वर धुतलेली लुगडी वाळत घातलेली. हातात हातोडी. इतके दिवस मी त्याच शिळेला पाठ लावून आंबील पीत होतो.

"आजी, पुन्हा मार."

"एकदा मारलं की जेवण. दोनदा मारलं की कुणीतरी मेलं. तुला काय हवंय?"

मी तिला सगळं सांगितलं. तुमचं, सेल्लियम्मनचं, स्थपतींचं. ती ऐकत होती आणि लुगडी काढून घडी घालत होती. मग म्हणाली, "हिला तू नेलंस तर माझ्या लेकरांना जेवायला कोण बोलवणार? तुझा बाप?"

"दुसरी घंटा आणून देतो."

"आणि तुझा बाप पारखणार कसा? त्याचे कान गेले म्हणतोस."

"हाताने ऐकतात."

"मग बरं आहे," आजी म्हणाली. "माझ्या नवऱ्याला दोन्ही कान होते. जन्मभर माझं एक ऐकलं नाही त्याने."

इथला मुकादमही तयार आहे. पण पावसाळा सरला की तो या अंगाला सुरुंग लावणार, मग चिंच, शिळा, सगळ्याची खडी. तेव्हा उशीर नको.

मी वाजवून बघितली. मला बाई वाटते. पण अप्पा, मला बाप्याही वाटते. रात्री बाई वाटते, सकाळी बाप्या. मी पारखी नाही. तुमच्याजवळ बसलो नाही, शिकलो नाही, आता एका आवाजावर गावाची देवी ठरवू? कान माझे चांगले आहेत, पण त्यांना काय ऐकायचं तेच माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे.

तुम्ही यायला हवं.

कुणाला कळायची भीती असेल, तर दुपारी या. जेवणाच्या वेळी मशीन बंद असतं, भोकं पाडणं बंद असतं. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय की मोठे शिल्पी हात ठेवूनच दगड ठरवतात. कुणी वावगं मानलं नाही. त्यांना वाटतं, पहिल्यापासून असंच असतं.

आरोक्यम अण्णा कार्त्तिकैच्या आधीच्या बुधवारी घरावरून निघेल. यायचं नसेल तर मान हलवा. तो समजेल.

पुगळ


चिंचेखाली, कार्त्तिकैच्या आधीचा गुरुवार, भर दुपारी

अप्पा,

तुम्ही समोर बसलाय आणि मी सिमेंटच्या पिशवीवर पत्र लिहितोय, हे बघून कुप्पायी आजी म्हणतेय, "बापलेकांना बोलायला तोंडं नाहीत का?" तोंडं आहेत. पण तुम्हाला ऐकू जाईल एवढ्याने ओरडलो तर अख्ख्या डोंगराला कळेल. म्हणून तुम्ही बोला, मी लिहितो.

पहिली गोष्ट. हो, तुम्ही खूप मोठ्याने बोलता. आत्ता विचारलंत तेही.

दुसरी. अक्काने पाठवलेला चिंचेचा भात मी एकटा खाणार नाही, आरोक्यम अण्णालाही देईन. सकाळी उतारावर त्याने लॉरी बंद केली, तेव्हापासून तो चाकाशीच बसलाय. संध्याकाळी आम्ही सगळे ढकलणार आहोत. त्याने येताना आजीला घंटा म्हणून जुन्या चाकाची लोखंडी कडी आणलीय, आजीने ती वाजवून बघितली आणि म्हणाली, हिच्या आवाजाने कुत्रीही जेवायला येणार नाहीत. पण ठेवून घेतली.

तिसरी गोष्ट. अक्का डोळे नसलेल्या त्या मूर्तीला दर शुक्रवारी कुंकू लावते हे तुम्ही रागाने सांगितलंत. मला चांगलं वाटलं. तिला कारखान्याच्या मांडवात ठेवू, कोपऱ्यात. ती मुकी आहे, तिचा त्यात काय दोष.

आता तुम्ही काय म्हणालात ते मीच लिहून ठेवतो, कारण घरी गेल्यावर तुम्ही नाकबूल व्हाल. तुम्ही विचारलंत, "त्या दिवशी खरंच 'येतो' म्हणालास?" मी दोन बोटं दाखवली. "मागून?" मी मान डोलावली. तुम्ही हातोडीचा दांडा धोतराला पुसलात. मग म्हणालात, "मागून कोण बोलतं रे गाढवा? समोर येऊन बोलायचं."

समोर आलोय अप्पा.

मशीन थांबलं. आजीने सगळ्यांना वाडगी खाली ठेवायला लावलीत, कुणी ओरपू नये म्हणून. तुम्ही उठलात. शिळेच्या चिंचेकडच्या टोकाला हातोडी मारलीत. मला ऐकू येतंय, फिरत चाललंय, अजून चाललंय. तुम्ही डावा हात ठेवलाय, सगळा, मनगटापर्यंत. डोळे मिटलेत. आरोक्यम अण्णा हात जोडून उभा आहे आणि त्याचा क्रूस बनियनबाहेर आलाय.

आवाज थांबला. माझ्यापुरता थांबला. तुमचा हात अजून तिथेच आहे.

आता दुसऱ्या टोकाला. आता मधे. तुम्ही वाकून शिळेच्या खालून हात घातलात, कारण शिळा पालथी झोपते, तिचं तोंड जमिनीकडे असतं. माझ्या लक्षात आलं की मी श्वास धरून लिहितोय.

तुम्ही कोळसा मागितलात. आजीने चुलीतला दिला. चिंचेकडच्या टोकाला तुम्ही आडवी रेघ मारलीत. डोक्याची खूण.

"बाई आहे," तुम्ही म्हणालात. इतक्या मोठ्याने, की वरच्या अंगाची माणसंही वळली. "केव्हापासून हाका मारतेय, आणि हा मूर्ख आंबील पितोय."

आजी हसतेय. सगळे हसतायत. अण्णा रडतोय, त्याच्याकडे बघू नका.

आणि आता तुम्ही हातोडी माझ्यापुढे धरलीय, दांडा माझ्याकडे करून. म्हणताय, पहिला घाव तू घाल, मी हात ठेवतो, मला बघू दे तुझा हात कसा आहे.

पेन्सिल ठेवतो. दोन्ही हात लागतील.